नसीमाला सांगायचं राहून गेलं

चाकणला कुणी हवापालटाला जात नाही. मीही गेले ती कामासाठी. परत येऊन आता महिना होत आला; तिथं जे घडलं ते घडलं त्या क्रमानं लिहून काढते आहे.

परभणी जिल्ह्यातल्या एका निवासी कर्णबधिर शाळेत मी एकतीस वर्षं शिकवलं आणि गेल्या वर्षी निवृत्त झाले. घरी बसून कंटाळा यायला लागला होता, तेवढ्यात ओळखीच्या एका प्राध्यापक बाईंनी त्यांच्या संशोधनात मदतीला बोलावलं. विषय असा होता, की शाळेत शिकलेली भाषा कर्णबधिर माणसांना पुढे दवाखान्यात कितपत उपयोगी पडते. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या कारखान्यांत अशी बरीच मुलंमुली कामाला आहेत, त्यात आमच्या शाळेतली सहा-सात जण. मी त्यांच्या मुलाखती घ्यायच्या आणि छापलेली प्रश्नावली भरून आणायची. खुणांची भाषा जाणणारी दुभाषी बरोबर घ्या, असं प्राध्यापक बाईंनी सुचवलं आणि किरण नावाच्या मुलीचा नंबरही दिला. मी नंबर लिहून घेतला, पण मनात म्हटलं, माझ्याच विद्यार्थ्यांशी बोलायला मला दुभाषी कशाला हवी?

गुरुवार, चिंचवड

आमच्याकडे सुट्टी म्हणजे रविवार, नाहीतर गावचा बाजार. इथल्या कारखान्यांना सुट्टी गुरुवारी असते. मामेबहिणीच्या घरी चिंचवड गावठाणात उतरले होते. सकाळी तिनं ताटलीभर पोहे पुढे ठेवले आणि म्हणाली, ‘आज रस्ते जरा मोकळे असतील, आजच फिरून घे.’ तिच्या घराबाहेरची गल्ली इतकी अरुंद, की समोरच्या घरातला कुकर आपल्या घरात वाजतो. आणि पाच मिनिटं चाललं की मोठमोठ्या सोसायट्या. गाव आणि शहर एकमेकांना चिकटून उभी आहेत.

स्टेशनपासून थोड्या अंतरावरच्या एका बागेत दर गुरुवारी कर्णबधिर कामगार जमतात, असं मला कळवलं होतं. मी गेले तेव्हा तीस-चाळीस जण असतील. कुणी कंपनीचा शर्ट घातलेलं, कुणी तान्ह्या मुलाला कडेवर घेतलेलं. हसणं ऐकू येत होतं, पाठीवर थापा पडत होत्या, आणि सगळ्यांचे हात भराभर चालले होते. मी बाकाजवळ उभी राहून बघत राहिले. काहीतरी चुरचुरीत गप्पा चालल्या होत्या, चेहऱ्यांवरून ते दिसत होतं. पण मला एक अक्षर कळत नव्हतं. एकतीस वर्षं ज्या मुलांमध्ये काढली त्यांच्यात मी परक्या मुलखातून आल्यासारखी उभी होते.

‘बा-ई!’

आवाज ओळखीचा होता. नसीमा धावत आली आणि गळ्यात पडली. सहा वर्षांची असताना तिचे वडील तिला आमच्या वसतिगृहात सोडून गेले होते, ती पंधराची होईपर्यंत माझ्याजवळ होती. ‘बाई’ हा शब्द म्हणायला तिला चार महिने लागले होते. आता ती अठ्ठावीसची. तिचं लग्न चाकणच्या युसूफशी झालं. तोही कर्णबधिर, मोटारीचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात तपासणीच्या कामावर. तिथंच तिला पॅकिंगला लावून घेतलं. तिनं त्याला हाताला धरून माझ्यापुढे आणलं. उंच, लाजरा माणूस. त्यानं कपाळाला हात लावून सलाम केला.

मग ती सगळ्यांना माझी ओळख करून द्यायला लागली. डाव्या हाताची मूठ पुढे करायची आणि उजव्या तळहाताच्या कडेनं बोटांच्या पेरांवर दोनदा मारायचं. बघणारे माझ्याकडे बघून मान हलवायचे आणि तीच खूण करायचे. आमच्या शाळेची दोघंतिघं होती, त्यांना तर ती आधीच माहीत होती.

तेवढ्यात एक तिशीतली मुलगी स्कूटर लावून आली आणि सरळ माझ्याकडे येऊन म्हणाली, ‘मॅडम, मी किरण.’ हीच ती दुभाषी. आईवडील दोघंही कर्णबधिर, त्यामुळे बोलायच्या आधी तिला खुणा यायला लागल्या. ती वाकडला एका कंपनीत नोकरी करते आणि सवड मिळेल तसं हे काम करते. मी तिला विचारलं, ‘ही नसीमा सारखं हे काय करते आहे?’

‘तुमचं नाव आहे ते.’

‘माझं नाव असं कसं?’

‘खुणेतलं नाव. प्रत्येकाला असतं. त्या माणसाचं जे लक्षात राहतं त्यावरून ठेवतात.’ तिनं नसीमाची खूण करून दाखवली. ‘पट्टी, मॅडम.’

नसीमा हसत होती. तिच्या मनात काही नव्हतं. लहानपणापासून ती मला त्याच नावानं ओळखत आली होती. माझी मात्र कानशिलं तापली.

हातवारे करू दिले की मुलं बोलायला शिकत नाहीत, असं आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं होतं. ओठ वाचायचे, घशावर हात ठेवून आवाज काढायचा आणि हात बाकावर उताणे ठेवायचे. हात उचलला की मी पट्टी मारायची. फार जोरात नाही, असं मी स्वतःला सांगत आले आहे. मुलं रात्री वसतिगृहात खुणा करत असणार, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. तिथं मात्र आम्ही जात नव्हतो.

किरणला मी तरीही सांगितलं, की मुलाखतींना तुमची गरज पडणार नाही. ती म्हणाली, ‘ठीक आहे. लागली तर फोन करा.’

शुक्रवार, चाकण

नसीमाची दुसरी पाळी होती, म्हणजे दुपारी कामाला जायचं. म्हणून मी सकाळी निघाले. चाकणकडचा रस्ता म्हणजे ट्रकांची रांग. कोऱ्या गाड्या दोन मजल्यांवर लादलेले लांबलचक कंटेनर, त्यांच्यामधून वाट काढणाऱ्या कंपन्यांच्या बसगाड्या, बसमध्ये झोपलेली माणसं. बाजार समितीच्या बाजूनं वारा आला की कांद्याचा वास, नाहीतर डिझेलचा. लांबवर भामचंद्राचा डोंगर धुरकट दिसतो, पण त्याच्याकडे बघायला इथं कुणाला वेळ असेल असं वाटत नाही.

रिक्षावाला बिहारचा होता. मी मराठीत पत्ता सांगितला, त्यानं हिंदीत होकार दिला आणि भलत्याच कारखान्याच्या दाराशी नेऊन सोडलं. पहारेकऱ्यानं मला प्यायला पाणी दिलं, बसायला खुर्ची दिली आणि गेटपास मागितला. मी कुणाकडे आले आहे हे त्याला समजावून सांगण्यात माझी पंधरा मिनिटं गेली. तो ओडिशाचा होता. सगळी माणसं एकमेकांशी मोडक्या हिंदीत बोलून वेळ निभावतात, असं हे गाव आहे. शेवटी मी युसूफच्या थोरल्या भावाला फोन केला आणि सलीमभाई स्वतः मोटरसायकल घेऊन आले.

सलीमभाईंचं रस्त्यालगत गॅरेज आहे. हे घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच. मागं दोन खोल्यांत युसूफ-नसीमा राहतात आणि वरच्या मजल्यावर सलीमभाईंचं कुटुंब. ‘बसा मॅडम निवांत,’ ते म्हणाले. ‘नसीमा सकाळपास्नं सैपाकाला लागलीया. बाई येणार म्हणून कुणाला हात लावू देईना.’

तिनं तहारी केली होती, मसाल्याचा भात, आमच्या परभणीकडं करतात तशी, आणि बरोबर चिंचेचं आंबट सार, खट्टं. चाकणच्या घरात खट्ट्याची चव कुणाला फारशी आवडत नाही, असं तिनं तोंड वाकडं करून मला समजावलं आणि माझ्या ताटात दुसऱ्यांदा वाढलं. घर स्वच्छ होतं. दारावरच्या घंटेच्या जागी एक दिवा होता. बाहेरून बटण दाबलं की तो लुकलुकतो. युसूफनं तो दोनदा लावून दाखवला.

जेवण झाल्यावर मी प्रश्नावली काढली. ती वाचून उत्तरं लिहीत होती. अक्षर सुरेख, वाक्यं मोडकी. शाळेत वाक्यं पाठ करून घेतली की ती बरोबर यायची. स्वतःच्या मनातलं लिहायला आम्ही फारसं शिकवलं नव्हतं. ‘दवाखान्यात तुमचा आजार तुम्हाला कुणी समजावून सांगितला?’ असा एक प्रश्न होता. तिनं लिहिलं, ‘भाऊजी.’ मग पेन थांबवून माझ्याकडे पाहिलं, कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं :

‘बाई मी पाळी नाही दोन वर्ष. बाळ पोटात? डॉक्टर गोळी देतो. बाळ कधी येणार.’

तिचं पहिलं बाळ पोटातच गेलं होतं, एवढं मला माहीत होतं. ती उठून कपाटातून प्लास्टिकची फाइल घेऊन आली. वर कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या चिठ्ठ्या होत्या, रक्तवाढीच्या आणि ताकदीच्या गोळ्यांच्या. अगदी खाली त्या वेळच्या रुग्णालयातून घरी सोडतानाचा कागद होता. इंग्रजीतला. सगळा मला समजला नाही. पण अतिरक्तस्राव, बाळ मृत, आणि त्याखाली एक लांब शब्द, तो मला समजला. हिस्टरेक्टॉमी. माझ्या मोठ्या बहिणीच्या कागदावर हाच शब्द होता. नसीमाचं गर्भाशय काढलं होतं.

दोन वर्षं झाली होती त्याला.

युसूफ माझ्याकडे बघत होता, नसीमाही. उत्तर मला माहीत होतं आणि त्या दोघांना नव्हतं. मी कागदावर लिहिलं : गर्भाशय. नसीमानं एकेका अक्षराखाली बोट ठेवलं आणि मोठ्यानं वाचलं, ‘ग-र्भा-श-य.’ उच्चार चांगला होता. ‘भ’ म्हणताना श्वासानं ज्योत हलावी म्हणून मी तिला आठवडेच्या आठवडे मेणबत्तीपुढे बसवलं होतं. शब्द म्हणून झाल्यावर तिनं भुवया उंचावून माझ्याकडे पाहिलं, अर्थासाठी.

हा शब्द मी तिला कधी शिकवला नव्हता. आमच्या वर्गात शरीराच्या अवयवांचा तक्ता होता. त्यावर चड्डी घातलेला एक मुलगा उभा होता. डोकं, नाक, छाती, पोट, आणि मग एकदम गुडघा. मुली मोठ्या झाल्या की वसतिगृहातल्या मावशी त्यांना कापड कसं घ्यायचं ते दाखवायच्या. ते काय आहे, कशासाठी आहे, हे आम्ही कुणीच सांगितलं नाही. झेंडू, शेवंती, गोदावरी, सह्याद्री हे मात्र सगळ्यांना म्हणता यायचं.

मग मला सुचलं, बायका आपसात बोलतात तसं लिहावं. मी लिहिलं : पिशवी काढली.

तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. ती आत गेली आणि कापडी पिशवी घेऊन आली. माझ्यासमोर ती झटकून उघडली, कोपऱ्यातल्या टोपलीतले कांदे तिच्यात भरले आणि पिशवी माझ्या हातात दिली. पिशवी या शब्दाचं चित्र मीच तिला दाखवलं होतं, कापडी, दोन बंदांची.

मी ‘नाही, नाही’ म्हणत होते, हातानं पोट दाखवत होते. तिला वाटलं मी कांदे नको म्हणते आहे. ती हसून आणखी दोन टाकत होती. तेवढ्यात बसची वेळ झाली आणि दोघं कामाला गेली.

मी गॅरेजमध्ये येऊन सलीमभाईंसमोर तो कागद धरला. त्यांनी नुसती नजर टाकली आणि हातातला पाना खाली ठेवला.

‘तुम्हाला माहीत होतं?’

‘व्हय. सही माझीच हाय त्यावर. युसूफ कंपनीत व्हता. त्येला मेसेज टाकला, पण मशीनवर मोबाईल नेऊ देत न्हाईत. डॉक्टर म्हणले, बाळ गेलंय, रक्त थांबंना, बाई वाचवायची तर पिशवी काढावी लागल. इचार करायला टायम न्हवता. म्या म्हटलं, काढा.’

‘ते बरोबरच केलंत. पण नंतर? दोन वर्षांत सांगितलं नाही?’

‘सांगू कसं?’ ते माझ्याकडे न बघता बोलत होते. ‘मला हातानं काय येतं मॅडम? जेवला का, चल, गाडी, उद्या. ल्हानपणापास्नं आमच्या दोघा भावांचं एवढ्यावरच चाललंय. पिशवी काढली हे कसं दावू? आन् मी तिचा मोठा दीर. दिरानं भावजयीला असलं कसं दावायचं? माझी बायको म्हणली, र्‍हाऊ द्या, पोरगी खचल. मग आज सांगू, उद्या सांगू करत र्‍हायलं.’

‘ती बाळाची वाट बघते आहे, सलीमभाई.’

‘म्हाईत हाय.’ त्यांनी पाना पुन्हा उचलला. ‘दोघं सुखात हाईत मॅडम. तुमी आज आलात, परवा जाल. मागं आमी हाय. नका सांगू.’

मी काही कबूल केलं नाही, नाहीही म्हटलं नाही. कांद्याची पिशवी घेऊन चिंचवडला परत आले.

शनिवार, वाकड

फोन केला तर किरण म्हणाली, घरीच या. वाकड म्हणजे दुसराच मुलूख. बारा-पंधरा मजली इमारती, रस्त्यावर गाड्यांची रीघ, आणि चालणारं माणूस फक्त मी. तिच्या सोसायटीच्या फाटकावर नाव, गाव, कुणाकडे, फोटो, सगळं घेऊन मला आत सोडलं. अकराव्या मजल्यावरच्या गॅलरीतून वारा चांगला येत होता. तिचे वडील खुर्चीत पेपर वाचत बसले होते. त्यांनी मला नमस्कार केला आणि किरणकडे बघून काहीतरी विचारलं. तिनं उत्तर दिलं. एवढ्याशा हालचालीत माझं सगळं सांगून झालं असावं; ते माझ्याकडे जरा निरखून बघायला लागले.

मी सलीमभाईंचं म्हणणं सांगितलं आणि म्हटलं, ‘मला तर काही सुचत नाही. कदाचित तेच बरोबर असतील.’

किरणनं मला चहा दिला. ‘मी नववीत होते तेव्हा आईच्या गाठीचा रिपोर्ट आला,’ ती म्हणाली. ‘डॉक्टर मला म्हणाले, आईला सांग, फार दिवस नाहीत. मी गणवेशात होते, शाळेतून तशीच गेले होते. आई माझ्याकडे बघत होती. मी सांगितलं, गोळ्या घेतल्या की बरी होशील.’

‘मग?’

‘चार महिन्यांनी गेली. शेवटच्या आठवड्यात तिला कळलं, तेव्हा ती माझ्याशी बोलेना. तिला तिच्या बहिणीला भेटायचं होतं, ते राहून गेलं. मी पंधराची होते, तेव्हा कुणी मला काही म्हणालं नाही. तुम्ही किती वर्षांच्या आहात, मॅडम?’

हे तिनं जरा कडकच विचारलं. मग स्वतःच मऊ आवाजात म्हणाली, ‘सलीमभाईंना माहीत आहे. त्यांच्या बायकोला, डॉक्टरला, तुम्हाला, आता मलाही माहीत आहे. शरीर तिचं आहे. तिला एकटीलाच माहीत नाही.’

दुसऱ्या दिवशी सकाळी जायचं ठरलं. निघताना तिनं दोन गोष्टी बजावल्या. बोलताना मी नसीमाकडे बघायचं, किरणकडे नाही. आणि ती मधे पदरचं काही घालणार नाही. मी म्हणेन तेच ती सांगेल, नसीमा म्हणेल तेच मला सांगेल. ‘कडू असलं तरी,’ ती म्हणाली.

रविवार, चाकण

सलीमभाईंना आधी सांगितलं. ते चिडतील असं वाटलं होतं, पण त्यांनी हात धुतले, गॅरेजचं शटर अर्धं ओढलं आणि आमच्या मागं येऊन दाराशी बसले. त्यांची बायको वरून खाली आली नाही.

मी नसीमासमोर बसले. म्हटलं, ‘परवा तू मला एक विचारलं होतंस. त्याचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही.’ किरणचे हात माझ्या शेजारी हलायला लागले आणि नसीमाची नजर माझ्यावरून तिकडे गेली. ‘बाळ गेलं त्या दिवशी तुझं रक्त थांबत नव्हतं. तुला वाचवायला डॉक्टरांनी ऑपरेशन केलं. पोटात जिथं बाळ वाढतं, ती जागा त्यांना काढून टाकावी लागली. म्हणून पाळी येत नाही. आता बाळ होणार नाही.’

दोन मिनिटंही लागली नाहीत.

नसीमानं किरणला पुन्हा सांगायला लावलं. किरणनं पुन्हा सांगितलं, तसंच, हळू. नसीमा उठली, फाइलमधल्या गोळ्यांच्या चिठ्ठ्या आणि फळीवरची पाकिटं घेऊन आली आणि जमिनीवर एकापुढे एक मांडायला लागली. किरण म्हणाली, ‘ती विचारते आहे, मग या कशाच्या आहेत?’

‘ताकदीच्या,’ मी म्हटलं. ‘बाळासाठी नाहीत.’

तेव्हा ती रडली. तिच्या आवाजावर मी नऊ वर्षं काम केलं होतं; कुठं चढवायचा, कुठं उतरवायचा, तोंड किती उघडायचं. त्यातलं काही त्या आवाजात नव्हतं. वरच्या मजल्यावरचा टीव्ही बंद झाला.

युसूफ उभा राहिला होता. तो भावाकडे वळला आणि एकच खूण केली, हाताचं बोट कपाळाला लावून पुढे. ती सलीमभाईंनाही कळली. तुला माहीत होतं? सलीमभाईंनी मान हलवली. युसूफ बाहेर गेला. थोड्या वेळानं मी पाहिलं तर गॅरेजमध्ये दुरुस्तीला आलेल्या एका गाडीत तो मागच्या सीटवर बसला होता आणि काचा वर केल्या होत्या. सलीमभाई गाडीशेजारी नुसते उभे होते. काच वाजवून उपयोग नव्हता. मग त्यांनी काचेवर आपला पंजा टेकवला आणि तसाच ठेवला. युसूफ आतून बघत होता. बऱ्याच वेळानं त्यानं दार उघडलं.

नसीमानं तोंड धुतलं. आमच्यासाठी चहा ठेवला. मी नको म्हटलं तरी ठेवला. कप हातात देताना तिनं किरणला काहीतरी सांगितलं.

‘तिला उद्या त्या रुग्णालयात जायचं आहे,’ किरण म्हणाली. ‘डॉक्टरांच्या तोंडून हवं आहे तिला.’

सोमवार, चाकण

किरणनं रजा टाकली. रुग्णालयात गर्दी होती. मराठी, हिंदी, ओडिया, बंगाली सगळं एका रांगेत, आणि खिडकीतली मुलगी सगळ्यांवर एकाच पट्टीत ओरडत होती. ऑपरेशन केलेले डॉक्टर सोडून गेले होते. त्यांच्या जागी पन्नाशीच्या एक डॉक्टर बाई होत्या. वागायला वाईट नव्हत्या. त्यांनी जुने कागद मागवले, वाचले आणि किरणकडे बघून बोलायला सुरुवात केली, ‘यांना सांगा, की त्या वेळी परिस्थिती...’

नसीमानं टेबलावर तळहात आपटला. डॉक्टरांच्या कपातला चहा सांडला. डॉक्टरांनी दचकून वर पाहिलं, तेव्हा तिनं स्वतःच्या छातीकडे बोट दाखवलं.

‘माझ्याशी बोला, म्हणते आहे ती,’ किरणनं सांगितलं.

डॉक्टर मग नसीमाकडे बघून बोलल्या. सगळं नीट सांगितलं, कागदावर आकृती काढून. नसीमा ती आकृती बारकाईनं बघत होती. स्वतःच्या पोटात काय होतं हे ती पहिल्यांदा बघत होती, ते काढून टाकल्यावर दोन वर्षांनी. तिनं विचारलं, ‘मला का सांगितलं नाही?’

‘नातेवाइकांना सांगितलं होतं. त्यांची सही आहे. तुम्ही शुद्धीवर नव्हता.’

‘नंतर होते. सहा दिवस इथंच होते.’

डॉक्टरांनी कागद पुन्हा चाळले. ‘नंतर...’ त्या म्हणाल्या. ‘हे बघा, रोज दोनशे पेशंट येतात. यांच्याशी बोलणार कसं? लिहून दाखवलं तरी...’ आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं, शहाण्या माणसानं शहाण्या माणसाकडे बघावं तसं. ‘तुम्ही तर शिक्षिका ना? तुम्हाला माहीतच असेल. भाषाच नसते यांना.’

किरणनं तेही जसंच्या तसं सांगितलं. मी तिच्या हातांकडे बघत राहिले.

नसीमानं मग एवढंच मागितलं, की आकृतीचा कागद मला द्या. डॉक्टरांनी दिला. घडी घालून तिनं तो कंपनीच्या ओळखपत्राच्या पाकिटात ठेवला.

नसीमाला रजा मिळाली नव्हती, त्यामुळे तिला दुसऱ्या पाळीला जायचंच होतं. युसूफ पुढच्या थांब्यावरून चढणार होता. चौकातल्या बसथांब्यावर आम्ही तिघी उभ्या राहिलो. ऊन कडक होतं. तिनं डोक्याला रुमाल बांधला, डब्याची पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि मला विचारलं, ‘तुम्ही हे लिहिणार का?’

‘तू नको म्हणालीस तर नाही लिहिणार,’ मी तिच्याकडे बघून म्हटलं.

तिचे हात हलले आणि किरण सांगत गेली. ‘लिहा. नाव बदला. आणि भाऊजींना वाईट लिहू नका. त्या दिवशी दवाखान्यात ते एकटेच होते.’

म्हणून नावं बदलली आहेत, सगळ्यांचीच. मी तिथं आणखी काही ऐकायला थांबले होते. माझ्याबद्दल ती काहीतरी बोलेल, रागानं किंवा कशीही, असं मला वाटत होतं. मला ते ऐकायचं होतं. पण ती काही बोलली नाही. बस आली. तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवून निरोप घेतला आणि चढली. खिडकीशी बसलेल्या दोन मुलींनी सरकून तिला जागा दिली. तिनं पाकिटातून तो कागद काढला, मांडीवर उलगडला, आणि बस हलायच्या आत तिघींचे हात चालू झाले होते.

काय बोलत होत्या ते मला कळलं नाही. किरणला मी विचारलं नाही.